फरशी पाणी अडवत नाही

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, मृग आठ-दहा दिवसांवर आला असताना, आमचे शेजारी भाऊ सकाळीच दारात आले. ते शेतकरी आहेत. कारंज्याच्या आमच्या गल्लीत त्यांचे आणि आमचे घर एकाच सामाईक भिंतीला पाठ लावून उभे आहे. त्यांच्या हातात ओल्या गोणपाटाची गुंडाळी होती. ओट्यावर बसून त्यांनी ती उलगडली. आत सोयाबीनचे दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडलेले होते. ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरचे बियाणे पेरण्याआधी त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि पाच-सहा दिवसांनी किती उगवले ते मोजतात. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. याला उगवण चाचणी म्हणतात.

भाऊंच्या गोणपाटात ४३ दाण्यांना कोंब आले होते. बाकीचे काही कुजले होते, काही तसेच पडून होते.

"भाई, भांडायला नाही आलो मी," भाऊ म्हणाले. "पण तुमच्या न्हाणीचं पाणी आमच्या भिंतीत येऊन राह्यलं. एकडाव येऊन पाहून घ्या."

मी गेलो. त्यांच्या मागच्या खोलीत बियाण्याच्या चार गोण्या भिंतीला लावून ठेवलेल्या होत्या. भिंतीला हात लावला तर गार. कमरेएवढ्या उंचीपर्यंत गिलावा फुगलेला, पोपडे सुटलेले, त्यावर पांढरा खार. गोण्यांची भिंतीकडची बाजू दमट झालेली. त्या भिंतीच्या पलीकडे, आमच्या बाजूला, शॉवरचा कोपरा होता. आमच्याकडे आकाशी रंगाची फरशी चकचकीत होती. त्यावर ओलीचा एक डाग नव्हता.

न्हाणीघराची दुरुस्ती हा काही लेखाचा विषय नव्हे, असे काही वाचकांना वाटेल. मलाही वर्षापूर्वी तसेच वाटले असते. पण या एका कोपऱ्याने शेजाऱ्याचे बियाणे नासवले, आणि तो कोपरा दुरुस्त करताना जे कळले ते सांगण्यासारखे आहे. फरशी पाणी अडवत नाही. पाणी अडवणारा थर फरशीच्या मागे आणि खाली असतो. तो कोणाला दिसत नाही, म्हणून त्याचे पैसे द्यायला आणि त्यासाठी चार दिवस थांबायला आपण तयार नसतो. पुढे गळती लागली की आपण गवंड्याला नावे ठेवतो. माझ्या घरापुरते बोलायचे तर दोष गवंड्याचा नव्हता, माझा होता.

फोडल्यावर काय दिसले

ज्यांनी अकरा वर्षांपूर्वी ती न्हाणी बांधली होती त्याच मिस्त्रींना बोलावले. आता त्यांचे वय झाले आहे, काम त्यांचा पुतण्या करतो. त्यांनी थापीच्या दांड्याने फरशीवर टकटक केली. काही ठिकाणी भरीव आवाज, बहुतेक ठिकाणी पोकळ. "आत हवा आहे," म्हणाले. फरशी काढली तेव्हा आत हवा नव्हती, पाणी होते.

भिंतीवरची फरशी घाईत बसवताना मागे मालाचे पाच गोळे ठेवतात, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक, आणि फरशी दाबून चिकटवतात. गोळ्यांच्या मधली जागा रिकामीच राहते. सांध्यातून झिरपलेले पाणी त्या पोकळीत साठते आणि मग सावकाश विटेत शिरते. आमच्या भिंतीत नेमके हेच झाले होते. जमिनीखालचा मलबा तर हाताने पिळता येईल इतका ओला होता.

सांध्यांचा हिशेब वाचकांनी एकदा करून पाहावा. आमची न्हाणी सहा फूट बाय पाच फूट. सात फुटांपर्यंत भिंतीला फरशी. एक फूट बाय दीड फुटाच्या फरशा भिंतीला आणि एक फुटी चौकोनी जमिनीला. या सगळ्यांचे सांधे एका रांगेत मांडले तर लांबी पावणेतीनशे फुटांच्या वर जाते. त्या प्रत्येक फुटावर पांढऱ्या सिमेंटची एक बारीक रेघ, आणि सिमेंट कितीही घट्ट दिसले तरी त्याला सूक्ष्म छिद्रे असतात. फरशीचेही तसेच. वरचा चकचकीत थर पाणी घेत नाही, पण कडा आणि पाठ घेतात. भिंतीला लावायची साधी सिरॅमिक फरशी स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ शकते. व्हिट्रिफाइड फरशीत हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी असते. पण फरशी कितीही भारी घेतली तरी सांधे राहतातच.

त्यात आम्ही स्वतः भर घातली होती. आमच्या बोअरचे पाणी जड आहे, फरशीवर पांढरे डाग धरते. रमजान ईद आली की ॲसिड, बकरी ईद आली की ॲसिड. डाग जात, न्हाणी नवीन दिसे. पण ॲसिड जसे पाण्याचा क्षार विरघळवते तसेच सिमेंटमधला चुनाही विरघळवते. म्हणजे वर्षातून दोन-तीन वेळा आम्ही आमच्याच हाताने सांधे खात होतो आणि त्याला स्वच्छता म्हणत होतो.

दुसरी भर चार वर्षांपूर्वी पडली. ही न्हाणी बादली आणि तांब्यासाठी बांधली होती. बसून अंघोळ केली की पाणी गुडघ्याएवढ्या भिंतीवर उडते, त्याच्या वर जात नाही. मुलाने हौसेने शॉवर बसवला. आता पाणी डोक्याच्या उंचीवरून भिंतीवर आदळू लागले. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो. पाच मिनिटांत दोन बादल्यांहून अधिक पाणी त्या एका कोपऱ्यात. नळ बदलायला अर्धा तास लागला. भिंत मात्र जुनीच राहिली.

तिसरे कारण आमच्या पायाखाली आहे. वाशिम जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या मातीवर बसला आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतात ती सोयाबीन-तूर देते, घराखाली ती वर्षातून एकदा घराला किंचित उचलते आणि एकदा किंचित खाली ठेवते. नुसते सिमेंट हे सोसत नाही. पहिली चीर पडते ती जमीन आणि भिंत जिथे भेटतात तिथे. आमच्याकडेही चीर तिथेच होती, केसाएवढी, फरशीच्या कडेखाली लपलेली.

तीन दिवस

आता माझ्या चुकीबद्दल. अकरा वर्षांपूर्वी ही न्हाणी बांधली तेव्हा धाकट्या बहिणीचे लग्न तोंडावर होते. मिस्त्री म्हणाले होते, "सर, तीन दिवस द्या. कोबा नीट करतो, पाणी भरून ठेवतो, मग फरशी लावू." मी म्हणालो, "मिस्त्री, वऱ्हाड तीन दिवस थांबणार आहे का?" सगळे हसले. मिस्त्रीही हसले आणि दुसऱ्या दिवशी फरशी लावायला लागले. पाहुण्यांनी आकाशी रंगाची तारीफ केली.

न्हाणी फोडताना ही गोष्ट मिस्त्रींनी काढली नाही. मीच काढली. ते म्हणाले, "लग्नघर होतं, सर. होतं असं." त्यांनी इतक्या सहज सोडून दिले म्हणून मला ते जास्त लागले.

भाऊंच्या भिंतीची बातमी गल्लीत पसरली तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी सल्ले दिले. त्यांना कोणी सांगितले, तोंडी काय बोलता, नोटीस द्या. मला कोणी सांगितले, भिंत जुनी आहे, तुम्ही कशाला कबूल करता. हल्ली गावात कुठल्याही ओलीला रंग लवकर चढतो. हे लोक वाईट नव्हते, पण भिंतीला हात लावून पाहायला त्यांच्यातले कोणी आले नव्हते. भाऊ आणि मी दोघेही ती भिंत पाहून आलो होतो, म्हणून आमच्यात वाद राहिला नाही. चार गोण्या बियाण्याचे पैसे मी देऊ केले. त्यांनी दोन गोण्यांचेच घेतले. "गोण्या फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवायला पाहिजे होत्या. ते माह्यं चुकलं," म्हणाले. पेरणीसाठी त्यांनी बाजारातून पिशव्या आणल्या.

पावसाळ्यात भिंत वाळणार नव्हती, म्हणून त्याच दिवसापासून ती न्हाणी बंद केली आणि काम दिवाळीनंतर काढायचे ठरले. तोपर्यंत अंगणातल्या पत्र्याच्या न्हाणीवर भागवले. त्याचा खरा त्रास अम्मींना झाला. पहाटे फजरच्या वुजूसाठी पावसात अंगण ओलांडायचे, तेही या वयात. त्या एकदाही काही बोलल्या नाहीत. अकरा वर्षांपूर्वी वाचवलेले तीन दिवस आम्ही असे पाच महिन्यांनी फेडले.

जुन्या लोकांना ठाऊक होते

न्हाणीच्या निमित्ताने माझे आजोळचे घर आठवले. ते धाब्याचे होते. लाकडी कड्या, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती पसरत, चोपत आणि पन्हाळीकडे उतार आहे की नाही ते पाहत. घरात काहीही नवे येवो न येवो, धाब्याची माती चुकत नसे. न्हाणीत एकच मोठी शहाबादी फरशी होती. एकच फरशी म्हणजे मधे सांधा नाही. सांडपाणी थेट परसात, केळी आणि अळूला. त्या लोकांनी वॉटरप्रूफिंग हा शब्द ऐकला नव्हता. पण पाणी कुठून शिरते आणि त्याला कुठे जाऊ द्यायचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

याहून जुने उदाहरण मोहेंजोदडोच्या मोठ्या स्नानकुंडाचे आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे हे कुंड जवळपास १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे. विटा जिप्समच्या गिलाव्यात एकमेकींना भिडवून बसवल्या आहेत. पण पाणी धरायला त्यांनी एवढ्यावर विश्वास ठेवला नाही. विटांच्या त्या भिंतीमागे त्यांनी डांबराचा थर दिला आणि त्याच्या मागे पुन्हा विटा रचल्या. जो थर खरे काम करतो तो दोन भिंतींच्या मधे, कोणाच्या नजरेला न पडणारा. कुंडात उतरणाऱ्या माणसाला फक्त विटाच दिसत असणार.

आमच्या कारंज्याची कस्तुरीची दंतकथा वाचकांना माहीत असेल. परगावचा एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून आला. एवढा माल घेणारा कोणी भेटेना. कारंज्याच्या एका सावकाराची हवेली तेव्हा बांधली जात होती. त्याने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि कालवलेल्या गाऱ्यात टाकायला लावली. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून श्रीमंतीची म्हणून ऐकत आलो. न्हाणी फोडल्यापासून मला ती वेगळी दिसू लागली आहे. त्या माणसाने आपली दौलत दर्शनी भागावर चढवली नाही, भिंतीच्या आत घातली. आपण उलट करतो. गाऱ्यात वाळू जास्त आणि सिमेंट कमी, आणि वरून मोरबीची चमकती फरशी.

या वेळी काय केले

या वेळचे काम पंचवीस दिवस चालले. त्यात फरशीचे दिवस फक्त चार. बाकीचे दिवस कशात गेले ते सांगतो, कारण घर बांधणाऱ्याला किंवा दुरुस्त करणाऱ्याला ते उपयोगी पडेल.

फरशी आणि गिलावा काढून विटेपर्यंत गेलो. जुन्यावर नवी फरशी चिकटवा, असे सांगणारे भेटले. पण ओल्या भिंतीवर नवी फरशी म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. नंतर नळाचे पाइप नवे टाकले आणि भिंत बुजवण्याआधी हातपंपाने त्यांत पाण्याचा दाब भरून एक दिवस तसाच ठेवला. काटा खाली आला नाही तेव्हाच भिंत बुजवली.

मग नहाणी ट्रॅप. हा शब्द आपलाच आहे बरे का. इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही तो 'नहाणी ट्रॅप' म्हणूनच छापतात. गळतीची सुरुवात पुष्कळदा याच्या गळ्याशी होते, कारण प्लास्टिकचा पाइप आणि सिमेंट यांची मुळात मैत्री नसते. सिमेंट वाळताना आकसते आणि पाइपभोवती फट सोडते. तिथे न आकसणारा माल भरावा लागतो.

भिंतीच्या गिलाव्यात पाणीरोधक द्रव घातला. पन्नास किलोच्या पोत्याला साधारण दोनशे मिली, डब्यावर लिहिले असते तेवढाच. पुष्कळ घरांत वॉटरप्रूफिंग एवढ्यावरच संपते. हा द्रव सिमेंटची छिद्रे कमी करतो, पण चीर पडली तर तिला धरून ठेवत नाही. गिलाव्यावर सात दिवस पाणी मारले. मग कोबा, नहाणीकडे उतार देऊन. मिस्त्रींचे माप सोपे आहे: फुटाला पाव इंच. सहा फुटांना दीड इंच. उतार कोब्यातच द्यायचा, फरशी लावताना नव्हे, कारण फरशीखाली गेलेल्या पाण्यालाही वाट लागते.

यानंतर खरा थर. जमीन आणि भिंतीच्या कोनात मालाची गोलाई दिली, म्हणजे काटकोनात चीर पडायला जागा राहत नाही. गोलाईवर आणि नहाणीच्या गळ्याभोवती जाळीची पट्टी. त्यावर सिमेंट आणि पॉलिमरचा लवचीक लेप, दोन हात. पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा, म्हणजे पहिल्यात सुटलेली जागा दुसरा झाकतो. सगळी जमीन, सगळ्या भिंती एक फुटापर्यंत, आणि शॉवरच्या कोपऱ्यात सात फुटांपर्यंत. काळ्या मातीवरच्या घराला हा लवचीकपणा लागतोच. संपूर्ण खर्चात या लेपाचा आणि जाळीचा वाटा दहाव्या हिश्शाहूनही कमी होता.

मग ती परीक्षा, जी मी अकरा वर्षांपूर्वी टाळली होती. नहाणीचे तोंड बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी भरले. तीस चौरस फुटांच्या न्हाणीला त्यासाठी जेमतेम दीडशे लिटर पाणी लागते. पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली. हवेने किती उडते ते कळावे म्हणून शेजारी एका परातीतही दोन इंच पाणी ठेवले. पहिल्याच चोवीस तासांत जमिनीवरचे पाणी बोटभर उतरले. परातीतले जवळजवळ तेवढेच राहिले. म्हणजे गळती होती. नहाणीच्या गळ्याशी लेपात सुईएवढे छिद्र सापडले. ते बुजवले, जाळी आणि लेप पुन्हा दिला, वाळू दिला, पुन्हा पाणी भरले. या वेळी अठ्ठेचाळीस तासांनी रेघ आणि परात यांची साक्ष जुळली.

एक विचार करा. ही परीक्षा घेतली नसती तर ते सुईएवढे छिद्र नव्या फरशीखाली झाकले गेले असते. काम उत्तम माणसाने केले होते, माल उत्तम होता, मी रोज उभा राहून पाहत होतो. तरीही छिद्र राहिले. म्हणून मिस्त्री चांगला असला की परीक्षेची गरज नाही, हे खरे नाही. भाऊंचे बियाणे तर त्यांनी स्वतः पिकवले, स्वतः वाळवले. तरी ते शंभर दाणे मोजतातच.

कारंज्यासारख्या गावात, जिथे नळ रोज येत नाही, तिथे दीडशे लिटर पाणी असे भरून ठेवणे जिवावर येते. आमच्याही आले. पण ते पाणी वाया गेले नाही, दुसऱ्या दिवशी बादल्यांनी उपसून परसातल्या झाडांना घातले. आणि गळतीचा हिशेब तर पाहा. सेकंदाला एक थेंब म्हटले तरी दिवसाला साधारण चार लिटर होतात, वर्षाला दीड हजार. वाहत्या नदीकाठी बसून वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण मुलांना देतो आणि त्यांचा नळ बंद करायला लावतो. भिंतीत चाललेला नळ मात्र आपल्याला ऐकू येत नाही.

मजुरी कशाची देतो

माझे खरे म्हणणे इथे आहे. फरशीचे काम आपण चौरस फुटाच्या दराने देतो. जितकी फरशी दिसेल तितके पैसे. मग जो मिस्त्री कोब्यावर दोन दिवस घालवतो, पाणी भरून दोन दिवस थांबतो, तो स्वतःच्या खिशातून थांबतो. जो दुसऱ्याच दिवशी फरशी चिकटवतो तो आठवड्यात दोन घरे उरकतो. दर आपण ठरवला, घाई आपण केली, आणि वर म्हणतो की आजकाल कारागीर प्रामाणिक राहिले नाहीत. आमच्या मोहल्ल्यातली पुष्कळ मुले या कामात आहेत. त्यांचे हात कसबी आहेत, मी पाहतो. पण दहा वेळा "लवकर उरका" ऐकल्यावर अकराव्या वेळी तो मुलगा तीन दिवस मागतच नाही. असे कसब मरते.

मजुराचा घाम वाळायच्या आत मजुरी द्या, हे आपण जुम्म्याच्या खुतब्यात अनेकदा ऐकले आहे. वेळेवर देणारे पुष्कळ आहेत. पण ती कशाची देतो, हाही प्रश्न आहे. माझी सूचना साधी आहे. फरशीखालच्या कामाचा दर वेगळा ठरवा आणि तो रोजीने द्या. पाणी भरून ठेवलेल्या दोन दिवसांची रोजीही द्या, मिस्त्री त्या दिवशी काही करत नसला तरी. थांबणे हाही त्याच्या कामाचाच भाग आहे.

यावर आक्षेप येईल की हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत. शौचालयाच्या १२,००० रुपयांच्या अनुदानात ज्याला सगळे बसवायचे आहे त्याने पॉलिमरचा लेप कुठून आणायचा? आक्षेप खरा आहे. त्याला माझे उत्तर असे की लेप जमला नाही तरी उतार, कोपऱ्यातली गोलाई, नहाणीच्या गळ्याची काळजी आणि पाणी भरून पाहणे या चार गोष्टींना फार पैसा लागत नाही. ज्याचे बजेट लहान आहे त्याला तर परीक्षा अधिक गरजेची, कारण दुसऱ्यांदा फोडायला त्याच्याकडे पैसे नसतात. आणि शॉवर नसला तर काही बिघडत नाही. बादली-तांब्याची अंघोळ भिंतीला आणि टाकीला दोघांनाही परवडते.

शहरात फ्लॅट घेणाऱ्यांना निदान कायद्याचा आधार आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या कारागिरीत दोष निघाला तर बिल्डरने तो कळवल्यापासून तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवावे. पण ज्याने आपले घर स्वतः बांधले त्याचा बिल्डर तोच असतो. त्याने तक्रार कोणाकडे करायची? त्याची तक्रार घेऊन शेजारी दारात येतो, तेही शेजारी भाऊंसारखा असेल तर.

आपल्या दीनमध्ये शेजाऱ्याच्या हक्कावर किती भर दिला आहे हे मी इथे सांगायला नको. तो इतका आहे की शेजारी वारसदार ठरतो की काय असे वाटावे. पण हा हक्क आपण फार ढोबळ करून टाकला आहे. ईदला शिरखुर्मा पाठवला, दिवाळीचा फराळ घेतला की तो फिटला असे समजतो. शिरखुर्मा आम्ही अकरा वर्षे नेमाने पाठवला. त्याच भिंतीतून शेवटची चार वर्षे पाणीही पाठवत होतो.

भाऊंच्या बाजूचा गिलावा वाळायला हिवाळा आणि अर्धा उन्हाळा गेला. मार्चमध्ये खार खरवडून तिकडे नवा गिलावा करून दिला. या मे महिन्यात त्यांनी पुन्हा शंभर दाणे गोणपाटात बांधले, आणि मोजायच्या दिवशी मला हाक मारली. गोण्या या वेळी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर होत्या. भिंत चांगली कोरडी असूनही. मी तसे म्हटले, तर भाऊ हसले. "भिंत तुमची चांगली आहे भाई, पण बियाणं माह्यं आहे."

८१ उगवले होते.

घरी येऊन मिस्त्रींच्या पुतण्याला फोन केला. त्याचे काम गल्लीच्या टोकाला एका नव्या घरी चालू आहे. घरमालक आमच्या ओळखीचे आहेत आणि त्यांच्या मुलीचे लग्न जवळ आले आहे. कोबा झाला होता, फरशीचे खोके दारात येऊन पडले होते. पाणी भरून ठेवायला मालक तयार नाहीत, असे तो म्हणाला. संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन आलो. सोबत भाऊंना नेले. आम्ही दोघांनी मिळून त्यांना त्या ४३ दाण्यांची गोष्ट सांगितली. दोन दिवस थांबतो, म्हणाले. त्यांच्या पलीकडच्या शेजाऱ्यालाही सांगून आलो की या दोन दिवसांत भिंतीला अधूनमधून हात लावून पाहा. न्हाणी कोरडी आहे की नाही हे घरमालकाला शेवटी कळते. ते आधी शेजाऱ्याच्या हाताला कळते.